यजमान रात्रभर करकर दात खातात. मेडिकलमधून गोळी आणावी की नाइट गार्ड करून घ्यावा?

नाइट गार्डच करून घ्या, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं प्लास्टिकचं कवच. झोपेत दात खाणं मुळापासून बंद करेल अशी खात्रीची गोळी आज नाही. मी गोव्यात फोंड्याला दातांची डॉक्टर आहे, दाढा घासून सपाट झालेले आणि सकाळी जबडा आखडलेले पेशंट नेहमी बघते. गार्डनेही सवय मोडत नाही, पण झीज दातांऐवजी गार्डच्या अ‍ॅक्रिलिकवर, म्हणजे प्लास्टिकवर होते. काही महिने वापरलेल्या गार्डवर दाढांचे चकचकीत चरे दिसतात, एरवी ते दातांच्या वरच्या थरावर, इनॅमलवर पडले असते. मात्र दातांचं माप घेऊन केलेला कडक गार्डच घ्या. तयार मिळणारा मऊ गार्ड काही जण झोपेत आणखीच चावत बसतात. खर्चाची अडचण असेल तर बांबोळीच्या सरकारी दंत महाविद्यालयात दाखवा. गार्ड थंड पाण्यानेच धुवा, उन्हातल्या गाडीत ठेवू नका, वाकडा होतो.

क्लोनाझेपामसारख्या गुंगीच्या गोळीची सवय लागते, म्हणून ती मेडिकलमधून परस्पर आणूच नका. उलट फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन अशा नैराश्यावरच्या गोळ्यांनी काहींचं दात खाणं सुरू होतं. यजमान त्या घेत असतील तर स्वतःहून बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. आणि ते मोठ्याने घोरत असतील, मध्येच श्वास अडकत असेल, तर गार्डच्या आधी झोपेची तपासणी करा. स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार असलेल्या काहींना वरच्या दातांच्या गार्डने तो त्रास वाढू शकतो.