उन्हाळ्यात कोंबड्यांना खाद्य किती वाजता घालायचं?

प्रश्न : मोहोळच्या बाजूला आमचं २००० ब्रॉयलरचं (मांसाच्या कोंबड्यांचं) शेड आहे, वर पत्रा. पक्षी ३५ दिवसांचे. ऊन वाढल्यापासून रोज दुपारी ३ ते ५ मध्ये १०-१२ मरतायत, आणि जातात ते पण वजनदारच. दुकानदाराने टॉनिक दिलं, काही फरक नाही. वडील म्हणतात मका उष्ण पडतो, ज्वारी घाला. काय करू?

उत्तर : दादा, खाद्याची वेळ तुम्ही लिहिलीच नाही आणि माझ्या मते घोडं तिथंच अडलंय. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकणं हाच तिचा कूलर, आणि पोटात खाद्य पचताना जी उष्णता होते ती खाल्ल्यानंतर ४-६ तासांनी सगळ्यात जास्त असते, म्हणजे १० वाजता फीडर भरला की बरोबर ३ वाजता वरून सोलापूरचं ऊन आणि आतून भट्टी. जड पक्षी जास्त खातो, म्हणून तोच आधी जातो.

पहाटे ४ लाच लाईट लावून खाद्य द्या, ९ च्या आत फीडर वर उचला, ते संध्याकाळी ऊन उतरल्यावरच खाली. उपाशी पक्षी एकदम तुटून पडतात, चेंगरून मरतात, त्यामुळे लाईट मंद ठेवा आणि सगळे फीडर एकाच वेळी सोडा. रात्री पोटभर खाऊ दे.

वडिलांचं म्हणाल तर ज्वारी चालते, पण ती काय थंड नाही. पचताना सगळ्यात जास्त उष्णता करतं ते गरजेपेक्षा जास्तीचं प्रोटीन, आणि सगळ्यात कमी तेल. त्यामुळे खाद्यवाल्याला सांगून प्रोटीन थोडं कमी करून घ्या पण लायसिन-मेथिओनिन (प्रोटीनमधले गरजेचे घटक) कमी होऊ देऊ नका, आणि २-३ टक्के तेल वाढवा. तेलाचं खाद्य या उन्हात खवट होतं, ४-५ दिवसांपुरतंच बनवा.

टॉनिकपेक्षा आधी पाणी बघा! एरवी खाद्याच्या दुप्पट पाणी लागतं, आता चौपट. टाकी काळी आणि उन्हात असेल तर ते गरम पाणी पक्षी तोंडातच घेत नाही, मग त्यात काहीही टाका. टाकीला ओलं बारदान गुंडाळा, पत्र्यावर उसाचं पाचट टाका, दुपारी पाईपमधलं पाणी दोनदा सोडून द्या. बोअरचं पाणी खारं असेल तर तपासून घेतल्याशिवाय इलेक्ट्रोलाईट (पाण्यात टाकायचे क्षार) देऊ नका.

प्रश्न : लेअर (अंड्यांच्या कोंबड्या) आहेत, अंड्याचं कवच पातळ येतंय, हात लावला की फुटतं. (बार्शी)

उत्तर : हे पण धापांमुळेच. धापेतून कार्बन डायऑक्साईड जास्त बाहेर पडतो आणि रक्तातलं कामाचं कॅल्शियम घटतं, त्यात दुपारी खाणं पण कमी. कवच रात्री बनतं, म्हणून जाड शिंपला ग्रिट (शिंपल्याचे जाडसर तुकडे) संध्याकाळच्या खाद्यात द्या, सकाळी नाही. १०० किलो खाद्याला अर्धा किलो खायचा सोडा मिसळा, पण तेवढंच मीठ वेगळं चालू असेल तर ते थोडं कमी करा. तुमचे लेअर आहेत, त्यामुळे वरच्यासारखं दिवसभर फीडर उचलू नका, फक्त ११ ते ४, नाहीतर अंडीच घटतील.