बंदूक दुरुस्तीला पाठवायची, पण कोणाच्या हाती?

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच अडचणीचे आहेत: शस्त्र बिघडलंय, कारखाना दूर आहे, मग तिथवर ते न्यायचं कोणी?

प्रश्न (सहकारनगर): माझ्याकडे कानपूरच्या कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. काडतुसं भरायचं सिलिंडर नीट फिरत नाही, काडतुसाचं घर नळीच्या रेषेत येत नाही. कारखान्यात पाठवायचं तर पुण्यातली कोणती कुरियर कंपनी भरवशाची?

सर्वांत आधी, या रिव्हॉल्व्हरमधून आता एकही बार काढू नका. घर आणि नळी जुळत नसतील तर गोळी नळीच्या तोंडाशी घासते आणि शिशाचे तुकडे बाजूला उडतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यात ते जाऊ शकतात.

कुरियरचं म्हणाल तर कोणतीच कंपनी नको. सर्वसामान्य ग्राहकासाठी काम करणाऱ्या कुरियर कंपन्यांच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत शस्त्रं असतात. काउंटरवरचा मुलगा ‘मशीनचे सुटे भाग लिहा, जातंय’ म्हणाला, तरी ऐकू नका. पार्सल क्ष-किरणाखालून गेलं की रिव्हॉल्व्हरचा आकार लपत नाही. मग पार्सल पोलिस ठाण्यात, खोटं घोषणापत्र तुमच्या सहीचं आणि परवाना धोक्यात. वाटेत गहाळ झालं तर भरपाईही मिळणार नाही, कारण बिल्टीवर, म्हणजे वाहतुकीच्या पावतीवर, रिव्हॉल्व्हर लिहिलेलंच नाही. शस्त्र हरवलं की ताबडतोब जवळच्या पोलिस ठाण्यात कळवणं ही तर परवान्याचीच अट आहे. तिथे तुम्ही काय सांगणार?

मग वाटा दोन. पहिली परवानाधारक शस्त्रविक्रेत्याची. त्याच्या परवान्यात दुरुस्तीचा उल्लेख आहे ना, हे स्वतः वाचा. तो नोंदवहीत नोंद करेल आणि शस्त्राचा क्रमांक लिहिलेली पावती देईल. कारखान्याशी पत्रव्यवहार आणि पुढच्या वाहतुकीची कागदपत्रं हे त्याचं रोजचं काम आहे. त्याच्याकडच्या कारागिराला रिव्हॉल्व्हर एकदा दाखवाच. सिलिंडर फिरवणारा पंजा झिजला असेल तर काम पुण्यातच होऊ शकतं आणि कानपूरची फेरी वाचते.

दुसरी वाट म्हणजे स्वतः घेऊन जाणं, आणि माझा कल हिच्याकडे आहे. कानपूरची स्मॉल आर्म्स फॅक्टरी १ ऑक्टोबर २०२१ पासून ‘अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या सरकारी कंपनीत आहे. त्यांना आधी लिहा: मॉडेल, क्रमांक, बिघाड. ‘आणा’ असं लेखी उत्तर येईपर्यंत शस्त्र घरातून हलवू नका. मग परवान्यावरचा क्षेत्राचा रकाना पाहा. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर प्रवासाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागेल. शहरात राहणाऱ्यांनी पुणे पोलिस आयुक्तालयात अर्ज करायचा. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे आणि ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी कार्यालय आहे. चुकीच्या दारात अर्ज पडला की आठवडे फुकट जातात.

रेल्वेने जाणार असाल तर वाटेत मध्य प्रदेश लागतो, म्हणून परवानगीत मार्गातली राज्यंही यायला हवीत. शिवाय रात्रीच्या गाडीत डोळा लागतोच. मी लखनौपर्यंत विमान आणि पुढे रस्त्याने कानपूर असं सुचवेन. विमान कंपनीला तिकीट काढतानाच कळवा आणि लोहगाव विमानतळावर नेहमीपेक्षा बरंच लवकर पोहोचा. काउंटरवर परवाना दाखवून शस्त्र जाहीर करायचं. ते रिकामं, कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानातूनच जातं. केबिनच्या बॅगेत कधीही नाही. काडतुसं सोबत नेऊच नका, चाचणीची काडतुसं कारखान्याकडे असतात. बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेलं एखादं सुटं काडतूससुद्धा विमानतळावर गुन्ह्याचं कारण ठरतं, म्हणून बारा बोअरच्या जुन्या पिशव्या या प्रवासाला वापरू नका.

प्रश्न (सदाशिव पेठ): परवाना वडिलांच्या नावावर आहे. त्यांना आता प्रवास झेपत नाही. त्यांची बंदूक मी दुरुस्तीला नेली तर गुन्हा होतो का?

नाही, मात्र त्यांची लेखी परवानगी तुमच्याजवळ हवी. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ मध्येच ही सोय आहे: परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकाराने दुसरी व्यक्ती शस्त्र दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी नेऊ शकते. फार थोड्या लोकांना हे माहीत असतं. त्यामुळे कोणी घाबरून वर्षानुवर्षं नादुरुस्त बंदूक कपाटात ठेवतं, तर कोणी कागद न घेताच निघतं.

पत्र साध्या मराठीत असलं तरी पुण्यात चालेल. राज्याबाहेर जाणार असाल तर हिंदी किंवा इंग्रजीत लिहा. त्यात वडिलांचा परवाना क्रमांक, शस्त्राचा प्रकार आणि क्रमांक, तुमचं नाव, कुठून कुठे, कशासाठी आणि कोणत्या तारखांना हे सगळं यावं. मूळ परवाना आणि तुमचं ओळखपत्र सोबत ठेवा. ही सवलत फक्त त्या कामापुरती आहे. वाटेत शेतावर थांबून बंदूक चालवून पाहिलीत, तर पत्र तुम्हाला वाचवणार नाही. तसंच, परवान्यावरची क्षेत्राची मर्यादा या पत्राने वाढत नाही.

प्रश्न (बाणेर): मुलगी बालेवाडीला १० मीटर एअर पिस्तूल खेळते. पिस्तुलातून हवा गळते. युरोपातल्या कंपनीकडे पाठवावं का आणि कसं?

स्पर्धेची एअर पिस्तुलं ४.५ मि.मी. व्यासाची असतात आणि त्यांच्या छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलच्या पुष्कळ आत असते, त्यामुळे त्यांना शस्त्र परवाना लागत नाही. पण वाहतूकदाराला खरी भीती पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरची असते. त्यात २०० बारपर्यंत दाबलेली हवा असते आणि भरलेला सिलिंडर विमानात धोकादायक माल ठरतो. तो पिस्तुलापासून सोडवून पूर्ण रिकामा करा आणि दाबमापकाचा काटा शून्यावर आल्याचा फोटो काढून ठेवा. इलेक्ट्रॉनिक चाप असेल तर बॅटरीही काढा. खोक्यावर ‘खेळाचे साहित्य’ असं मोघम लिहू नका. ‘स्पर्धेचे एअर पिस्तूल, सिलिंडर रिकामा’ असं सरळ लिहा आणि ते वाचून जी कंपनी लेखी होकार देईल, तिलाच पार्सल द्या. स्वस्त दरापेक्षा तो होकार मोलाचा.

तरीही परदेशी पाठवायची घाई नको. गळती बहुतेकदा रबरी ओ-रिंगची किंवा सीलची असते आणि भारतातल्या आयातदाराकडे हे भाग मिळू शकतात. सिलिंडरवरची तारीखही पाहा. नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तो जास्तीत जास्त १० वर्षं वापरता येतो. मुदत संपलेल्या सिलिंडरची दुरुस्ती करत बसू नका, नवा घ्या. दिल्लीच्या कर्णीसिंह रेंजवर विश्वचषक स्पर्धा असली की परदेशी कंपन्यांचे तंत्रज्ञ अनेकदा तिथे येतात. प्रशिक्षकांना विचारून तिथेच काम करून घेतलं तर उत्तम.

पाठवावंच लागलं, तर निर्यातीच्या वेळी सीमाशुल्काच्या कागदावर क्रमांक नोंदवून घ्या. तेच पिस्तूल परत आल्याचं सिद्ध झालं, तर दुरुस्तीसाठी गेलेल्या मालाच्या सवलतीखाली शुल्क दुरुस्तीचा खर्च, विमा आणि जाण्यायेण्याचं भाडं यांवरच लागतं. क्रमांक नोंदलेला नसेल तर ते नवीन आयात धरलं जाऊ शकतं.

प्रश्न (पिंपळे सौदागर): अमेरिकेतला भाऊ म्हणतो, तिकडे मालक स्वतः कारखान्याला बंदूक पाठवतो आणि ती थेट घरी परत येते. इथे का नाही?

भावाचं म्हणणं खरं आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यात दुरुस्तीसाठी अशी सूट आहे. पण वाट तिथेही मोकळी नाही. १९२७ च्या कायद्याने सामान्य नागरिकाला टपालाने पिस्तूल पाठवायची मनाई केली आणि मोठ्या खासगी कंपन्यांनीही नंतर नियम आवळले. तिथले व्हिडिओ पाहून इथे पार्सल बांधू नका.

प्रश्न (भोसरी): ओळखीचा लेथवाला फायरिंग पिन बनवून देतो म्हणतो. कारखान्यापर्यंत कशाला जायचं?

कारण दुरुस्तीलाही शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवाना लागतो. २०१९ मध्ये कायदा बदलल्यानंतर शस्त्राच्या विनापरवाना दुरुस्तीची शिक्षा किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. त्या बिचाऱ्या कारागिराला यात ओढू नका.

प्रश्न (कोंढवा): विक्रेत्याकडे बंदूक देताना काय काय पाहावं?

त्याच्यासमोर नळी उघडून ती रिकामी असल्याचं दोघांनी पाहावं. क्रमांक, दस्ता आणि आधीचे ओरखडे यांचे फोटो काढा. दुर्बीण, पट्टा, जादा मॅगझिन घरी ठेवा. पावतीवर बिघाड तुमच्या शब्दांत लिहून घ्या, नाहीतर ‘सर्व्हिसिंग’ एवढंच लिहून शस्त्र तसंच परत येतं. शस्त्र विक्रेत्याकडून पुढे ज्या दिवशी निघेल त्या दिवशी बिल्टीची प्रत मागा. निवडणुकीची आचारसंहिता लागून पोलिसांनी शस्त्र जमा करायला सांगितलं, तर ते कुठे आहे हे दाखवायला हीच पावती आणि बिल्टी लागेल. दोन्हींच्या प्रती परवान्याच्या पुस्तिकेतच ठेवा.