पिवळा रंग नसलेले कार्ड: प्रूफ की उन्हाची करामत?

आपल्याला १९६० च्या दशकातील टॉप्स या अमेरिकी कंपनीचे एक बेसबॉल कार्ड, म्हणजे खेळाडूचे चित्र छापलेले, संग्राहक जमवतात ते पुठ्ठ्याचे कार्ड, ‘छपाईचे प्रूफ’ म्हणून देऊ केले आहे, त्यावर पिवळा रंग दिसत नाही, पाठ कोरी आहे आणि विक्रेता नेहमीच्या कार्डाच्या कितीतरी पट किंमत मागतो आहे. ते घ्यावे का, असा आपला प्रश्न आहे. केवळ छायाचित्र पाहून मी कौल देणार नाही, पण कार्ड हातात आल्यावर काय पाहायचे ते सांगतो.

मुख्य छपाईआधी प्लेटा तपासण्यासाठी काढलेला ठसा म्हणजे प्रूफ. ही कार्डे ऑफसेटवर पिवळा, मॅजेंटा (गुलाबीसर लाल), सायन (निळा) आणि काळा अशा चार शायांच्या बारीक ठिपक्यांनी छापली जात. प्रत्येक प्लेट नीट उतरली आहे की नाही हे पाहण्यासाठी आधी एकेका रंगाचे सुटे ठसे आणि मग एकावर दुसरा रंग चढवत नेलेले ठसे काढले जात. अशा क्रमवार प्रूफात जो रंग चढवलेलाच नाही त्याचा एकही ठिपका सापडत नाही आणि जे रंग चढवले आहेत ते पूर्ण ताकदीने उमटलेले असतात.

उन्हाने उडालेल्या कार्डाची गोष्ट वेगळी असते. प्रकाशात पिवळी आणि मॅजेंटा शाई आधी फिकटते, सायन आणि काळी टिकून राहते, त्यामुळे दुकानाच्या काचेमागे काही वर्षे ठेवलेले साधे कार्ड निळसर, ‘पिवळा नसलेले’ दिसू लागते. दहापट भिंगातून पाहिल्यास पिवळ्याचे मरगळलेले ठिपके बहुधा सापडतात आणि मॅजेंटाही दुबळा झालेला आढळतो. मी स्वतः सुरुवातीच्या काळात असे एक कार्ड ‘प्रूफ’ समजून घेतले होते. घरी आणून प्लास्टिकच्या चौकटीतून बाहेर काढले, तेव्हा चौकटीच्या कडेखाली झाकल्या गेलेल्या बारीक पट्टीत पिवळा रंग जसाच्या तसा होता! तेव्हापासून कार्ड चौकटीबाहेर काढू न देणाऱ्या विक्रेत्याकडे मी थांबत नाही.

कोऱ्या पाठीला फार महत्त्व देऊ नये. पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी छापली जात असल्याने एकाच बाजूने छापलेले, नाकारलेले ताव कारखान्याच्या रद्दीतून बाहेर पडत. ती कार्डे अस्सल असतात, पण प्रूफ नसतात. याहून वाईट म्हणजे पुठ्ठ्याचा मागचा थर सोलून पाठ ‘कोरी’ केलेली कार्डेही विकली जातात. म्हणून त्याच वर्षाचे साधे कार्ड शेजारी धरून जाडी आणि कडेचे थर ताडून पाहावेत.

काही रंगभेद तर थेट बाजारात आलेल्या कार्डांतच आहेत. १९६२ च्या टॉप्स संचातील ११० ते १९६ क्रमांकांची कार्डे हिरवट छटेतही मिळतात. १९६९ च्या संचात मिकी मँटल या खेळाडूच्या ५०० क्रमांकाच्या कार्डावर आडनाव सहसा पिवळ्या अक्षरांत असते, पण काही प्रतींवर ते पांढरे आहे आणि बाकीचे रंग मात्र शाबूत आहेत. हा भेद प्लेटचा, त्यामुळे उन्हाला तो साधणार नाही. १९८२ ची काळी शाई न चढलेली, म्हणून पुढच्या बाजूची छापील सहीही नसलेली कार्डे तर पाकिटांतूनच निघाली. नव्या संग्राहकाने प्रूफाच्या मागे लागण्याआधी हे भेद जमवावेत, असे माझे मत आहे. तुलनेसाठी प्रती मिळतात आणि डोळा तयार होतो.

१९०९ ते १९११ च्या, सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेल्या टी-२०६ संचाकडे वळाल, तर कसोट्या बदलतात. ती कार्डे शिळाछापाची, म्हणजे लोणावळ्याजवळ मळवलीच्या रविवर्मा छापखान्यात देवादिकांची चित्रे ज्या तंत्राने निघत त्याच तंत्राची आहेत. खालचे नाव तपकिरी शाईत सलग छापलेले असते; ते ठिपक्यांचे बनलेले दिसले, तर हातात पुनर्मुद्रण आहे. या संचाच्या प्रूफांवर कडेला रंग जुळवण्यासाठीच्या अधिक चिन्हासारख्या खुणा आढळतात. अतिनील दिव्याखाली पुठ्ठा निळसर पांढरा चमकला, तर कागदात दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झालेली उजाळा देणारी द्रव्ये आहेत, असे समजून व्यवहार सोडावा.

उरतो तो मालकीचा माग. टॉप्सने १९८९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आपल्या संग्रहातील मूळ चित्रे आणि इतर साहित्य लिलावात काढले होते. अशा विक्रीपर्यंत कागदोपत्री पोहोचणाऱ्या वस्तूला जादा किंमत देणे मला पटते. ‘एका जुन्या छपाई कामगाराकडून मिळाले’ या वाक्याला मी एक पैसाही देत नाही. आपल्या विक्रेत्याकडून परत घेण्याची लेखी अट मान्य करून घ्या आणि भेटीला जाताना भिंगाबरोबर त्याच क्रमांकाचे एक साधे, स्वस्तातले कार्ड न्या.