बाणाचा ‘तर’

म्हापशाहून एका वाचकांनी विचारले आहे की, चिन्हांच्या तर्कशास्त्राच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात दोन विधानांमध्ये जो बाण काढतात, तो मराठीत ‘तर’ असा वाचावा की ‘म्हणून’. आणि पहिले विधान असत्य असतानाही सत्यता कोष्टकात, म्हणजे दोन विधानांच्या सत्य-असत्याच्या चारही जोड्या ओळीओळीने मांडणाऱ्या तक्त्यात, सबंध वाक्य सत्य कसे ठरते, हे तीन आठवडे झगडूनही त्यांच्या गळी उतरलेले नाही.

‘म्हणून’ तत्काळ बाद करावे. ‘पाऊस पडला म्हणून फेरीबोट बंद आहे’ असे म्हणणाऱ्याने पाऊस आणि बंद बोट दोन्ही कबूल केलेली असतात. बाण यांपैकी काहीच कबूल करीत नाही. उरला ‘तर’, आणि नेमका तोच हल्ली गाळला जातो. ‘जर पाऊस पडला, फेरीबोट बंद राहील’ अशी वाक्ये मी रोज ऐकतो, आणि ती मराठी नाहीत. मराठीत ‘जर’ गाळला तर चालते, ‘तर’ गाळून चालत नाही. आपल्या कोकणीतही ‘पावस पडलो जाल्यार’ म्हणताना ‘जर’ नसला तरी भागते, ‘जाल्यार’ मात्र लागतोच.

हा ‘तर’ संस्कृत ‘तर्हि’पासून आला आणि त्याच्या जोडीचा ‘जर’, माझ्या मते, ‘यर्हि’पासून. ‘जर’ला ‘यदि’पासून ओढून काढणाऱ्यांनी ‘द’चा ‘र’ कसा झाला तेही सांगावे. ‘एकादश’चे ‘अकरा’ झाले हे उदाहरण ते पुढे करतील, पण संख्यावाचकांची चाल इतर शब्दांना लावता येत नाही, आणि जोडीतला एक शब्द ‘र्हि’चा असताना दुसऱ्याचे मूळ परक्या घरात शोधण्याची गरजच काय? ‘तर्हि’, ‘यर्हि’, ‘कर्हि’ यांतला ‘र्हिल्’ हा प्रत्यय पाणिनीने आजच्या दिवसात न मोडणाऱ्या काळासाठी सांगितला आहे. म्हणजे ‘जर–तर’ मुळात ‘ज्या वेळी–त्या वेळी’ आहे. ‘जाल्यार’ तर उघड उघड ‘झाल्यावर’च!

काळाची ही गाठ ग्रीकांनाही नडली होती. ‘दिवस असेल तर मी बोलतो आहे’ हे वाक्य, दिवस असताना आणि वक्ता बोलत असताना, फायलो या तर्कशास्त्रज्ञाने सत्य मानले; त्याचे गुरू डायोडोरस ते मानीनात, कारण वक्ता गप्प झाला तरी दिवस उरतोच. आजचा बाण फायलोचा आहे, म्हणजे पहिले विधान सत्य आणि दुसरे असत्य एवढ्या एकाच ओळीत तो असत्य ठरतो, उरलेल्या तिन्ही ओळींत सत्य. आपल्या कानातला ‘तर’ मात्र अजून डायोडोरसच्या बाजूने बसलेला आहे.

तेव्हा वाचकांनी बाण ‘तर’ असाच वाचावा, फक्त त्यातली वेळ काढून टाकावी. पाऊस न पडलेल्या दिवशी फेरीबोट चालू असो वा बंद, ‘पाऊस पडला तर बोट बंद’ असे सांगणाऱ्याला धक्क्यावरचा कोणीही खोटा ठरवीत नाही. कोष्टकातल्या ज्या दोन ओळी त्यांना अडवतात, त्या एवढेच म्हणत आहेत.