सलग तीन का सापडत नाहीत?

प्रश्न: टाइमपास म्हणून ० पासूनचे आकडे बायनरीत (म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून) लिहिले आणि ज्यात १ हा अंक सम वेळा येतो तेवढेच वेगळे काढले: ०, ३, ५, ६, ९, १०, १२, १५, १७, १८, २०... दोन सलग सापडतात (५-६, ९-१०), पण तीन सलग एकदाही नाही. हे पुढे कुठेतरी मोडेल का? आणि शंभरावा आकडा हवा असेल तर अख्खी यादीच करत बसायचं का?

उत्तर: नाही मोडणार, कितीही पुढे गेलात तरी. कुठलाही सम आकडा आणि त्याच्या लगेच पुढचा विषम घ्या, समजा ४ आणि ५, म्हणजे १०० आणि १०१. बाकी सगळं सेम, फक्त शेवटच्या ० चा १ झाला, म्हणजे एक १ वाढला, म्हणजे दोघांपैकी एकच तुमच्या यादीत बसणार, दोन्ही कधीच नाहीत. आणि सलग तीन आकडे कुठूनही उचला, त्यात अशी एक जोडी येतेच की, संपला विषय.

शंभराव्याचं उत्तरही यातच आहे. प्रत्येक जोडीतून एक, तर शंभरावा आकडा शंभराव्या जोडीतला, आणि पहिली जोडी ०-१ असल्यामुळे ती १९८-१९९ येते, २००-२०१ नाही (इथे मी स्वतः एकदा घसरलोय). १९८ म्हणजे ११०००११०, चार वेळा १, सम. उत्तर १९८.

तुमच्या यादीतल्या आकड्यांना इंग्रजीत ‘ईव्हिल’ (दुष्ट) म्हणतात आणि उरलेल्यांना ‘ऑडियस’ (तिरस्करणीय), घाबरू नका, ईव्हन आणि ऑडवरून केलेली कोटी आहे नुसती.

पण खरी गंमत पुढे आहे. ० ते १५ चे दोन गट करा, तुमचे आठ आणि उरलेले आठ (१, २, ४, ७, ८, ११, १३, १४). दोन्हीकडची बेरीज ६०. वर्गांची बेरीज करा, दोन्हीकडे ६२०. घनांची करा, दोन्हीकडे ७२००! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विश्वासच बसला नाही, कागद घेऊन बसलो होतो. प्रूए नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८५१ मध्येच हे मांडलंय. चौथा घातही जुळवायचा असेल तर ० ते ३१ घ्यावे लागतात, १५ वर थांबलात तर गडबडतं.