रक्कम नंतर, आधी कागद

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

रविवारी जेवताना तू बोललीस तेव्हा मी गप्प बसले, कारण घरात पाहुणे होते. "मावशी, औषधकंपनीशी तडजोड झाली की गिऱ्हाइकाला पन्नास-शंभर डॉलर, आणि वकिलांची चंगळ. दोन्हीकडचे सारखेच. मग कंपन्यांची बाजू लढवणाऱ्या फर्मची ऑफर का सोडू? पगार दीडपट आहे." पगाराचं मला कळतं. पुण्यातल्या बँकेचं कर्ज तुझ्या मानेवर आहे, ते मी विसरलेली नाही. पण "दोन्हीकडचे सारखेच" हे तू पापड मोडावा इतक्या सहज बोललीस, त्याचा मला राग आलाय.

किती मिळाले, हे विचारू नकोस. कंपनीचे आतले कागद बाहेर आले का, ते विचार.

पॅक्सिलचंच घे. ते मी इथे न्यू जर्सीत फार्मसीच्या काउंटरमागे उभी राहून पाहिलंय. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनची ही नैराश्यावरची गोळी. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी एफडीएने, म्हणजे इथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याने, तिला कधीच मंजुरी दिलेली नव्हती. डॉक्टरने तरी ती लिहावी, कायदा त्याला अडवत नाही. कंपनीने मात्र त्या वापराचा प्रचार करायचा नसतो. २००१ साली किशोरवयीन मुलांवरच्या 'स्टडी ३२९'चा लेख एका नावाजलेल्या नियतकालिकात आला आणि कंपनीने आपल्या विक्री प्रतिनिधींना कळवलं की गुण आणि सुरक्षितता दोन्ही उल्लेखनीय आहेत. तेव्हाच्या स्मिथक्लाइन बीचममधलं १९९८चं अंतर्गत टिपण मात्र म्हणत होतं की, मुलांमध्ये गुण सिद्ध झालेला नाही असं लेबलवर लिहिणं धंद्याच्या दृष्टीने परवडणारं नाही. हे टिपण बाहेर आलं नसतं तर आपण आजही तो लेखच खरा धरून बसलो असतो.

जून २००४ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे मुख्य सरकारी वकील (ॲटर्नी जनरल) एलियट स्पिट्झर यांनी कंपनीवर खटला भरला. ऑगस्टमध्ये मिटलाही, २५ लाख डॉलरवर. एवढ्या कंपनीला ही चिल्लर. तुझ्या हिशेबाने हा फुसका बार. पण अट अशी होती की चाचण्यांचे निकाल, बरे असोत की वाईट, वेबसाइटवर टाकायचे. पुढे २०१५ मध्ये मूळ नोंदी हाती घेऊन दुसऱ्या संशोधकांनी स्टडी ३२९ नव्याने तपासला आणि बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात छापलं की मुलांना गुणही नव्हता आणि औषध सुरक्षितही नव्हतं. नोंदी कपाटातच राहिल्या असत्या तर काय तपासलं असतं गं?

पालकांचा क्लास ॲक्शन, म्हणजे सगळ्यांच्या वतीने एकत्र लढवलेला खटला, इलिनॉयमधल्या मॅडिसन काउंटीत होता. ६ कोटी ३८ लाख डॉलरची तडजोड. पावत्या असतील तर औषधाचा सगळा खर्च परत, नसतील तर शंभर डॉलरपर्यंत. २००७ च्या उन्हाळ्यात मुदत संपत आली तशा आया आमच्या काउंटरवर जुन्या खरेदीचा प्रिंटआउट मागायला येऊ लागल्या. एकीने प्लॅस्टिकच्या पिशवीतून तीन रिकाम्या नारिंगी बाटल्या काढल्या. लेबलं घासून पांढरी पडलेली. प्रिस्क्रिप्शन नंबर वाचायला मी भिंग घेतलं. तिला पैशांचं विचारायचं नव्हतं; डोस वाढवला तो महिना कोणता, एवढंच हवं होतं. आमची सिस्टिम मध्ये बदललेली, जुन्या नोंदी धड सापडेनात. मॅनेजर म्हणाला, लाइन लागलीय, नंतर बोलाव. मी तिथेच उभं राहून शोधलं आणि छापून दिलं. त्याने माझ्या नावावर शेरा मारला. मारू दे.

आता तू म्हणशील, मग तुम्ही त्या बाटल्या भरून का देत होतात? देत होते. डॉक्टरची वैध चिठ्ठी घेऊन समोर आई उभी, डोस मर्यादेत, दुसऱ्या औषधाशी भांडण नाही. फार्मासिस्टने कशाच्या जोरावर नाही म्हणायचं? माझ्यापुढे छापलेला लेख होता, आतलं टिपण नव्हतं. हे मी स्वतःची बाजू सावरायला सांगते आहे असं वाटेल. वाटू दे. कागद लपवला की काउंटरवरचा शहाणा माणूसही आंधळा होतो, हे मला तुझ्या प्रोफेसरांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

व्हायॉक्स ही वेदनाशामक गोळी तर तुझ्या पन्नास डॉलरचंच उदाहरण. मर्कने २००४ मध्ये ते बाजारातून काढलं. नऊ वर्षांनी ग्राहकांसाठी २ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली, त्यात औषध घेतल्याचा पुरावा दिला तर पन्नास डॉलरपर्यंत. त्यावर हसायचं तर हस.

न्यूरॉन्टिनवर हसून दाखव. ते विकणाऱ्या पार्क-डेव्हिसमध्ये १९९६ साली काही महिने नोकरी केलेले डेव्हिड फ्रँकलिन कोर्टात गेले. एपिलेप्सीसाठी मंजूर झालेलं औषध बायपोलर, मायग्रेन, कशाकशासाठी खपवलं जात होतं. २००४ मध्ये गुन्हा कबूल करून ४३ कोटी डॉलर भरले गेले. विमा कंपन्यांसारख्या पैसे मोजणाऱ्यांची ३२ कोटी ५० लाखांची तडजोड २०१४ मध्ये झाली. मोजत बसलीस ना? थांब. त्या खटल्यांतून बाहेर आलेल्या कागदांवरून २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लेख आला: छापून आलेल्या १२ चाचण्यांपैकी ८ मध्ये मुख्य म्हणून मोजलेली गोष्ट मूळ आराखड्यात ठरवल्याप्रमाणे नव्हती. पार्क-डेव्हिसचे कागद सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, तू आज रात्री घरबसल्या वाचू शकतेस. वाच. मला ऑफरचं विचारण्याआधी निदान तासभर वाच.

वकिलांची फी जास्त असते, हे खरं. ती न्यायाधीशापुढे मंजूर व्हावी लागते, आणि ज्यांच्या वतीने खटला चालतो त्यांतल्या कुणालाही हरकत घेता येते. त्यापलीकडे फीचं रडगाणं मला ऐकवू नकोस.

इथल्या आपल्या मंडळातली कितीतरी घरं औषधकंपन्यांच्या पगारावर उभी आहेत. मी या विषयावर तोंड उघडायला लागले तशी दोन-तीन घरांतून हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. त्यातली एक माझी जिवाभावाची मैत्रीण होती, तिची आठवण अजून येते. पण बोलणं थांबवलं असतं का? नाही. आणि हा आजार आपल्याकडे नाही असंही समजू नकोस. २०१९च्या ग्राहक कायद्यात कलम ३५ खाली अनेकांच्या वतीने एकाने तक्रार करायची सोय आहे, आणि आपले लोक केमिस्टला म्हणतात, बिल नको, तेवढे दोन रुपये कमी करा!

कंपनीच्या बाजूला गेलीस तरी मी तुझ्याशी बोलणं टाकणार नाही. पण कुठल्याही बाजूला बस, सोमवारी तुझ्या हातातल्या तडजोडीचा मसुदा उघड आणि त्यातलं गोपनीयतेचं कलम काढ. प्रकरण मिटल्यावर कागद परत करायचे, नष्ट करायचे, की कोर्टाच्या नोंदीत राहू द्यायचे? यातलं काय लिहिलंय, ते तुझ्या वरिष्ठाला सरळ विचार. काय तोंड करतो ते बघ. मग मला फोन कर, रात्री नऊनंतर. त्याआधी मी उचलत नाही.

तुझी,
मावशी