वाचकांचे प्रश्न : अमेरिकेच्या यशोगाथा आणि आपल्या लेकी-सुना

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्या नातीला अमेरिकेतील एका विद्यापीठात संगणकशास्त्राच्या एम. एस.साठी प्रवेश मिळाला आहे. बँकेच्या कर्जाची जुळवाजुळव चालू असताना गुढीपाडव्याला जेवायला आलेल्या एका नातेवाइकांनी भर पंक्तीत दोन गोष्टी ऐकवल्या. ‘गेट्स आणि झुकरबर्ग कॉलेज सोडून मोठे झाले, तिथे पदवीला विचारतो कोण?’ ही पहिली. ‘अमेरिकेत बायका-पुरुष कधीच बरोबरीला आले आहेत, पण उद्या लग्न होऊन घरीच बसायचे, तर मुलीच्या डोक्यावर एवढे कर्ज कशाला?’ ही दुसरी. माझ्या मुलीला काही बोलायला सुचेना. यात खरे किती आहे?
— एक आजी, कोथरूड, पुणे

उत्तर : बरोबरी कधीच झाली असेल, तर लग्नानंतर घरी बसण्याची पाळी मुलीवरच का यावी, एवढे तरी पंक्तीतील कोणी त्या गृहस्थांना विचारायला हवे होते. परंतु दोन्ही विधाने आपल्याकडे इतक्या सहजपणे केली जातात, की त्यांचा स्वतंत्र विचार करणे बरे.

बिल गेट्स यांनी १९७५ मध्ये हार्वर्ड सोडले, हे खरे आहे. मात्र सोडण्यासाठी आधी हार्वर्डमध्ये पोहोचावे लागते, आणि तिथवरचा रस्ता या कथेतून नेहमी गाळला जातो. वडील सिअ‍ॅटलमधील नामांकित वकील, आई मोठ्या संस्थांच्या संचालक मंडळांवर, आणि शाळा महागडी खासगी. त्या शाळेत १९६८ मध्ये, म्हणजे बहुतेक महाविद्यालयांतही विद्यार्थ्यांच्या हाताला संगणक लागत नव्हता त्या काळात, दूरच्या संगणकाला जोडलेले एक टेलिटाइप यंत्र आले. त्यासाठीचे पैसे शाळेतील मुलांच्या आयांच्या मंडळाने जुन्या वस्तूंची विक्री करून उभे केले होते. जगातील सर्वांत प्रसिद्ध ‘स्वकर्तृत्वा’च्या मुळाशी आयांनी मांडलेला तो जुना बाजार आहे, पण यशोगाथा सांगणाऱ्यांना गॅरेज आणि अर्धवट सोडलेले कॉलेज तेवढे आठवते. मार्क झुकरबर्ग यांच्या दंतवैद्य वडिलांनीही मुलाला शाळकरी वयातच प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी खासगी शिक्षक ठेवला होता. अशांनी पदवी सोडली, तेव्हा पाठीमागे परत जाता येईल असे घर होते आणि परत घेईल असे विद्यापीठही होते. सामान्य घरातील अमेरिकन विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडतो, तेव्हा त्याच्याजवळ उरते ते कर्ज, आणि तिथे शैक्षणिक कर्ज थकवणाऱ्यांत अशा अर्धवट सुटलेल्यांचेच प्रमाण जास्त असते.

कष्ट करणारा कोणीही वर चढतो, ही समजूत अमेरिकेत जुनीच आहे. ‘अमेरिकन ड्रीम’ हा शब्दप्रयोग इतिहासकार जेम्स ट्रस्लो अ‍ॅडम्स यांनी १९३१ मध्ये, म्हणजे ऐन महामंदीत रूढ केला. त्यानंतर जन्मलेल्या एका पिढीपुरते ते स्वप्न बरेचसे खरेही ठरले. दिल्लीत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की १९४० मध्ये जन्मलेल्या अमेरिकनांपैकी सुमारे ९० टक्के पुढे आपल्या आईवडिलांपेक्षा अधिक कमावू लागले. १९८० च्या सुमारास जन्मलेल्यांमध्ये हे प्रमाण जेमतेम निम्म्यावर आले. शिडी मोडलेली नाही, पण कोणत्या घरात जन्मलो यावर पुष्कळ काही ठरू लागले आहे. आपल्याकडे शिकवणी वर्गांच्या फलकांवर झळकणाऱ्या चेहऱ्यांकडे पाहतानाही, त्याच वर्गात बसलेल्या बाकीच्या मुलांचे काय झाले, हे आपण कुठे विचारतो?

आता बरोबरीविषयी. बॉस्टनमधील डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये असे प्रतिपादन केले होते, की मुलींनी मुलांच्या बरोबरीने अभ्यास केला तर त्यांच्या प्रजननक्षमतेला बाधा येते. आणि हे गृहस्थ हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले होते. पुढे दहाच वर्षांनी आनंदीबाई जोशी अमेरिकेत उतरल्या आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंना पदवी देणारी ‘पुढारलेली’ अमेरिका आपण अभिमानाने सांगतो. परंतु ते महाविद्यालय स्त्रियांचे होते, कारण पुरुषांच्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांची दारे तेव्हा अमेरिकन मुलींनाही बंद होती. हार्वर्डने वैद्यकीय शिक्षणासाठी स्त्रियांना प्रवेश दिला तो १९४५ मध्ये. येल आणि प्रिन्स्टन यांनी पदवी वर्गात मुली घेतल्या १९६९ मध्ये, आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा आला १९७२ मध्ये.

आपल्या नातीच्या विषयापुरते एक उदाहरण देतो, कारण संगणक हा मुळातच मुलांचा प्रांत आहे, असे तिला तिथे आणि इथेही कोणी ना कोणी सांगणार आहे. १९४६ मध्ये जगासमोर आलेल्या एनिआक या संगणकाचे प्रोग्रॅमिंग करणाऱ्या सहाही जणी स्त्रिया होत्या. १९८४ च्या सुमारास अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदव्यांपैकी जवळजवळ ३७ टक्के पदव्या मुली घेत होत्या. पुढील पंचवीस वर्षांत हे प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली गेले आणि अलीकडे कुठे थोडे सावरले आहे. एवढ्या काळात मुलींची बुद्धी तर बदलली नव्हती. अनेक अभ्यासकांच्या मते, घरगुती संगणक बाजारात आला तो मुलांचे खेळणे म्हणून. तो त्यांच्याच खोलीत जाऊन बसला, आणि कॉलेजात पहिल्या दिवशी मुली मागे पडल्यासारख्या दिसू लागल्या.

राहिला कर्जाचा प्रश्न. तो मुलगा-मुलगी यावर ठरवण्याचा नाही. विद्यापीठाचा दर्जा, फी, डॉलरचा भाव आणि पदवीनंतर मिळणारा कामाचा कालावधी (विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना सध्याच्या नियमांनुसार एकूण ३६ महिने) यांचा हिशेब मांडून ठरवावा. त्यापुढे नोकरीचा एच-१बी व्हिसा मिळणे बहुतांशी सोडतीवर अवलंबून असते, हेही धरून चालावे. नातू असता तरी आपण हाच हिशेब केला असता ना?

प्रश्न : अमेरिकेत आता मुलांपेक्षा मुलीच अधिक पदवीधर होतात, असे वाचले. मग स्त्रियांवरील अन्यायाची चर्चा संपायला नको का? उलट मुलांचीच काळजी करण्याची वेळ आली आहे.
— एक निवृत्त शिक्षक, सहकारनगर, पुणे

उत्तर : आपण वाचलेले बरोबर आहे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभापासून तिथे पदवीधरांत मुली अधिक आहेत आणि आज हे प्रमाण १०० मागे सुमारे ५८ आहे. मुलांची काळजी करावी हेही मला मान्य आहे. वाचन-लेखनात ती शाळेपासूनच मागे पडतात आणि प्राथमिक वर्गांत त्यांना पुरुष शिक्षक क्वचितच दिसतो.

मात्र या आकड्यामागे आणखी एक कारण आहे. बारावीपर्यंत शिकलेला मुलगा बांधकाम, वीजजोडणी किंवा ट्रक चालवणे अशा कामांतून बऱ्यापैकी मिळवू शकतो. तेवढ्याच शिकलेल्या मुलीच्या वाट्याला बहुधा दुकानातील किंवा वृद्धांच्या शुश्रूषेची कमी पगाराची कामे येतात. त्यामुळे पदवीवाचून मुलींचे अधिक अडते. पदवी घेऊनही हिशेब पुरता मिटत नाही. समान वेतनाचा कायदा १९६३ मध्ये झाला, तरी पूर्णवेळ काम करणाऱ्या पुरुषाच्या १ डॉलरमागे स्त्रीची मिळकत साधारणपणे ८० ते ८५ सेंटच भरते. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी ही तफावत नेमकी कुठे पडते ते दाखवले. शिकागोच्या एका नामांकित व्यवस्थापन संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींचे पगार सुरुवातीला जवळपास सारखे होते. दहा-पंधरा वर्षांत ते दुरावले, आणि त्यामागचे सर्वांत मोठे कारण होते मूल. रात्री-अपरात्री हजर राहणाऱ्यालाच भरघोस पगार देणाऱ्या नोकऱ्यांत, घरी लवकर येणारी व्यक्ती मागे पडते आणि ती बहुधा आईच असते. त्यातच, बाळंतपणाची पगारी रजा देणारा देशव्यापी कायदा खासगी नोकऱ्यांसाठी अमेरिकेत आजही नाही. १९९३ च्या कायद्याने मिळते ती १२ आठवड्यांची बिनपगारी रजा, आणि तीही ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी. काही राज्यांनी आपापली सोय केली आहे एवढेच. आपल्याकडे २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, अर्थात संघटित क्षेत्रापुरतीच.

प्रश्न : माझी सून इंजिनिअर आहे. हिंजवडीतील चांगली नोकरी सोडून ती मुलाबरोबर न्यू जर्सीला गेली आणि आता घरी असते. ‘अमेरिकेत जाऊनही हिला काही करायची जिद्द नाही,’ असे नातेवाईक म्हणतात. मी त्यांना काय सांगावे?
— एक सासूबाई, औंध, पुणे

उत्तर : सूनबाई एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणारा व्हिसा) असतील, तर यात जिद्दीचा काही संबंध नाही, असे स्वच्छ सांगावे. या व्हिसावर नोकरी करण्याची परवानगी नसते. २०१५ पासून काही जोडीदारांना ती मिळू लागली, पण त्यासाठी पतीचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचलेला असावा लागतो. आपल्या मुलाच्या कंपनीने आय-१४० हा (ग्रीन कार्डसाठी कंपनीने करायचा) अर्ज दाखल केला आहे का आणि तो मंजूर झाला आहे का, हे त्याला विचारून घ्यावे. मंजूर झाला असेल, तर सूनबाईंना कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येईल. नसेल, तर कंपनीकडे त्याचा पाठपुरावा करणे हे आपल्या चिरंजीवांचे काम आहे. तोवर एच-४ वर शिक्षण घ्यायला मात्र कोणतीही आडकाठी नाही.